नदीचा पूर आणि चेंबरातील तेल

गौतमाच्या न्यायसूत्रांचे पहिलेच सूत्र आजच्या वाचकाला कोड्यात टाकणारे आहे. प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन येथून आरंभ करून वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान येथपर्यंत सोळा पदार्थांची एक लांबलचक यादी सूत्रकार देतो आणि यांच्या तत्त्वज्ञानाने निःश्रेयसाची प्राप्ती होते, असे त्याच दमात सांगून मोकळा होतो. ब्रह्मज्ञानाने मोक्ष मिळतो असे वेदान्ती म्हणतो, तेव्हा ते आपणांस मान्य असो वा नसो, त्याचा अर्थ तरी कळतो. नामस्मरणाने उद्धार होतो असे वारकरी म्हणतो, तेव्हा त्यामागची कळकळ मनाला भिडते. परंतु खरा हेतू कोणता आणि खोटा कोणता हे ओळखण्याने जीवाचे परम कल्याण कसे व्हावे, हा प्रश्न उरतोच. तार्किक म्हणजे कोरडा, वादखोर, भक्तीला पारखा झालेला मनुष्य, अशीच आपली सर्वसाधारण समजूत आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी मिळविली, याचा सातारकरांना सार्थ अभिमान आहे; पण त्या तर्काचा आपल्या धर्मजीवनाशी संबंध काय, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

गौतमाचे ते आश्वासन अक्षरशः खरे आहे असे मी मानतो, आणि ते का खरे आहे हे सांगण्यासाठी पर्वतावरच्या धुरावरून अग्नी ओळखण्याचे शास्त्रग्रंथांतील नेहमीचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. शिराळ्याच्या बाजूला उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या एंजिनाला जडणारा एक रोग, आणि तो शोधून काढण्याची तेथल्या मिस्त्रींची रीत, यांत मला न्यायशास्त्राचे सार अधिक स्पष्ट दिसते.

शिराळा हा मुलूख तसा देवाधर्माचा. गोरक्षनाथांचे ठाणे येथे आहे. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक, १६५४ सालचा, येथे आहे. नागपंचमीमुळे तर बत्तीस शिराळ्याचे नाव देशभर गेले, आणि वन्यजीव संरक्षण कायदा व त्यानंतरचे न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या पूजेची जुनी चाल थांबल्यावरही त्या सणाची ओढ कमी झालेली नाही. गावाजवळून मोरणा वाहते आणि ती पुढे वारणेला मिळते. १९४९ साली सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन हा भाग दक्षिण साताऱ्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेकडे चांदोलीचे डोंगर, तेथे धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस उणावत जातो आणि ऊस दिसू लागतो. या उसाने येथे ट्रॅक्टर आणले. चिखलीच्या विश्वासराव नाईक सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या, दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या गाड्या हंगामात रात्रंदिवस रस्त्यावर असतात.

डिझेल एंजिन या प्रदेशाला परके नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले एंजिन आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यानंतर तेराच वर्षांनी, १९१० साली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. लोखंडी नांगरापासून आरंभ झालेल्या त्या कारखान्याने पुढे डिझेल एंजिनेही बनविली, आणि हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. वीज गावोगाव पोहोचण्यापूर्वी नदीकाठच्या मळ्यांना पाणी पाजले ते या एंजिनांनी. आणि त्यांची दुरुस्ती करता करता येथे मिस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या, ज्यांची विद्या पुस्तकात कधी लिहिली गेली नाही.

आता त्या रोगाकडे वळू. प्रत्येक एंजिनाच्या तळाशी तेलाची एक परात असते. तिला चेंबर म्हणतात. ट्रॅक्टरच्या चेंबरात साधारण सात-आठ लिटर तेल मावते, आणि त्याची पातळी पाहण्यासाठी दोन खुणा असलेली एक लांब पट्टी बाहेरून आत उतरविलेली असते. एंजिन जुने होत जाते तसे ते तेल खाऊ लागते, म्हणून पट्टीवर पातळी उतरलेली दिसणे हे नित्याचे आहे आणि त्याची काळजी प्रत्येक चालक घेतो. परंतु कधी कधी उलटेच घडते. महिना गेला तरी तेल घालावे लागत नाही. पुढे पाहावे तर पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलेली. ज्याला ठाऊक नाही तो मालक मोठ्या समाधानाने सांगतो, ‘‘आमचं एंजिन ऑइल खातच न्हाई, उलट वाढतंय.’’ वस्तुतः त्याच्या एंजिनाचा घात सुरू झालेला असतो. जे डिझेल सिलिंडरात जळून जायचे, ते कोठल्या तरी चोरवाटेने चेंबरात उतरत असते आणि तेलात मिसळून तेलाचेच रूप घेत असते.

या रोगाचा खरा क्रूरपणा येथे आहे. चेंबरात पाणी शिरले तर तेल दुधाळ होते. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला तर तो तडतडतो. पाणी आपली परकी जात लपवू शकत नाही. डिझेल आणि वंगणतेल मात्र एकाच खनिज तेलाची लेकरे. त्यांचे मिश्रण एकजीव होते. रंग तोच, चकाकी तीच, काजळीने आलेला काळेपणाही तोच. फरक पडतो तो दाटपणात. चाळीस अंश उष्णतेला वंगणतेलाचा दाटपणा शंभर सेंटीस्टोकांहून अधिक भरतो, तर डिझेलचा दोन ते साडेचार. शंभर भाग तेलात पाच भाग डिझेल मिसळले तरी तेल जवळजवळ एका श्रेणीने पातळ होते, आणि सात-आठ लिटरांतले पाच टक्के म्हणजे पट्टीवर काही मिलिमीटरांचाच काय तो फरक.

एवढ्याशा पातळपणाने काय होते, असे विचारणाऱ्याने बेअरिंगची रचना ध्यानात घेतली पाहिजे. फिरणारा दांडा आणि त्याला धरून ठेवणारे बेअरिंग ही दोन धातूंची अंगे, एंजिन सुस्थितीत असताना, एकमेकांना स्पर्शच करीत नाहीत. १८८३ साली इंग्लंडात बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता, बेअरिंगला पाडलेल्या भोकात बसविलेली लाकडी गुडदी आतल्या तेलाच्या दाबाने बाहेर फेकली जाते, असे त्याला आढळले. आणि तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनल्ड्सने गणिताने सिद्ध केले की, फिरणारा दांडा स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो व त्यातून उत्पन्न झालेल्या दाबावर स्वतः तरंगत राहतो. हा तेलाचा पडदा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे सामर्थ्य सर्वस्वी तेलाच्या दाटपणावर अवलंबून. तेल पातळ झाले की पडदा फाटतो, धातू धातूला घासतो, बेअरिंग जाते आणि पाठोपाठ क्रँक जातो. याहून भयंकर प्रकारही आहे. वाढलेल्या तेलाचे बाष्प ब्रीदरच्या नळीतून हवेबरोबर सिलिंडरात ओढले जाऊ लागले, तर एंजिन आपलेच तेल इंधन म्हणून जाळू लागते आणि रेस धरते. मग डिझेल बंद करून ते थांबत नाही, हवेची वाट कोंडावी लागते, आणि तेवढा अवधी पुष्कळदा मिळत नाही.

वाढीचे चिन्ह पाहून घाताचे कारण ओळखणे, ही येथली बौद्धिक क्रिया आहे; आणि न्यायशास्त्राने तिला फार पूर्वीच नाव दिले आहे. गौतम अनुमानाचे तीन प्रकार सांगतो: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. कारणावरून कार्य ओळखणे ते पूर्ववत्. कार्यावरून कारण ओळखणे ते शेषवत्. भाष्यकार वात्स्यायनाने शेषवत् अनुमानाला जे उदाहरण दिले, ते शिराळ्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. नदी भरून वाहते आहे, पाणी नेहमीसारखे स्वच्छ नाही, वेग वाढला आहे. यावरून वर कोठे तरी पाऊस पडला असला पाहिजे. गावात ऊन पडलेले असताना वारणेला लाल पाणी आले की चांदोलीकडे कोसळतो आहे हे येथला प्रत्येक शेतकरी जाणतो. पट्टीवर चढलेल्या तेलावरून वरच्या बाजूची गळती ओळखणे ही क्रिया अंतर्बाह्य तीच आहे.

परंतु न्यायशास्त्राची थोरवी ते उदाहरण देण्यात नाही. त्या उदाहरणावर स्वतःच आक्षेप घेण्यात आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी उभा राहतो आणि म्हणतो की, अनुमान हे प्रमाणच नव्हे, कारण ते चुकते. नदी फुगली ती कदाचित पुढे बांध पडून पाणी अडल्यामुळे फुगली असेल; मुंग्या अंडी घेऊन निघाल्या त्या पावसाच्या चाहुलीने नव्हेत, कोणी त्यांचे वारूळ मोडल्यामुळे निघाल्या असतील; मोराचा केकारव ऐकू आला तो मोराचा नसून कोणा माणसाने केलेली नक्कल असेल. रोध, उपघात आणि सादृश्य अशी ही तीन कारणे. शिराळ्यापासून खाली, हरिपुराजवळ वारणा कृष्णेला मिळते, तेथे या आक्षेपाची सत्यता दोन हजार वर्षांनंतरही पाहावयास मिळते. २००५ आणि २०१९ सालच्या महापुरांत कृष्णेच्या फुगवट्याने वारणेकाठी पाणी चढले, तेव्हा ते पाणी वरच्या पावसाचे किती आणि पुढे तुंबलेले किती, हे सांगणे सोपे नव्हते. धरणे झाल्यापासून तर पाऊस उघडल्यावरही सोडलेल्या विसर्गाने नदी भरून वाहते. पूर्वपक्षी पूर्णपणे चुकीचे बोलत नाही.

त्यावरचे उत्तर मला न्यायशास्त्रातील अत्यंत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते. सूत्रकाराचे उत्तर उलगडताना भाष्यकार म्हणतो की, नुसती वाढ हा हेतू आम्ही दिलेलाच नव्हता. पावसाने आलेला पूर वेगळा आणि अडलेल्या पाण्याची फुगी वेगळी; पुराच्या पाण्याला ओढ असते, त्यावर फेस असतो, पाने, फळे, लाकडे वाहत येतात. ज्याने हा विशेष पाहिलाच नाही आणि केवळ पातळी पाहून निष्कर्ष काढला, त्याच्या चुकीचा दोष अनुमान करणाऱ्यावर पडतो, अनुमानावर पडत नाही.

जाणता मिस्त्री नेमके हेच करतो. तेल वाढले एवढ्यावरून तो डिझेलवर आरोप ठेवीत नाही. मागच्या खेपेला कोणी अंदाजाने जास्त तेल ओतले नव्हते ना, याची आधी चालकाकडे चौकशी; मग पट्टीवरचे तेल दोन बोटांत घेऊन त्याचा ताण पाहणे, त्याचा वास घेणे; मग टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवणे, म्हणजे तेलाचा काळा ठिपका मधोमध राहतो आणि त्यात डिझेल असेल तर त्याचे फिकट वलय बाहेर पसरत जाते. तेल तापल्यावर प्रेशरचा काटा पूर्वीपेक्षा खाली बसतो की काय, हेही विचारतो. हे त्याच्या पुराचे फेस आणि लाकडे. इतकेच काय, पातळी स्थिर असली तरी तो निश्चिंत होत नाही, कारण एंजिन जेवढे तेल खात आहे तेवढेच डिझेल वरून उतरत असेल तर पट्टी महिनोन्महिने जागची हलणार नाही. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात: रोगातही आढळणारा आणि निरोगीपणातही आढळणारा, म्हणून काहीच सिद्ध न करणारा.

धुराच्या बाबतीतही या एंजिनाने जुन्या व्याप्तीची चांगलीच परीक्षा घेतली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे आपण लहानपणापासून ऐकतो; पण थंड सिलिंडरात टपकणाऱ्या नोझलमधून पडलेले डिझेल न पेटताच बाहेर पडते तेव्हा धुराड्यातून पांढरे लोट निघतात, आणि ते असतात अग्नी न लागल्याचे चिन्ह. बाष्पाला धूर समजून केलेले अनुमान दुष्ट होय, हे नैयायिकांनी आधीच नोंदवून ठेवले आहे. पांढरा लोट आणि काळा धूर यांतला भेद न करणारा मनुष्य गाडी दुरुस्तीला नेतो खरा, पण भलताच भाग उघडायला लावतो.

डिझेल उतरते आहे हे ठरले, तरी निम्मेच काम झाले. ते कोठून उतरते? वात्स्यायनाने शेषवत् शब्दाचा आणखी एक अर्थ दिला आहे: परिशेष. जे जे संभवते त्या सर्वांची नोंद करावी, एकेकाचा निरास करीत जावे, आणि जे उरते ते सिद्ध मानावे. येथे संभवनीय वाटा मोजक्याच आहेत, परंतु एकीला वगळून भागत नाही. नोझलची सुई नीट बसत नसेल तर फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. ते जळत नाहीत, सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा लेप धुऊन काढतात आणि रिंगांच्या बाजूने खाली जातात. ब्लॉकवर बसविलेल्या फीड पंपाचा डायफ्राम फाटला तर डिझेल थेट चेंबरात. नोझलला दाबाने डिझेल पुरविणाऱ्या मोठ्या पंपाची पुढची ऑइल सील गेली तर टायमिंगच्या गिअरांवरून ओघळत चेंबरात. पंपाचा प्लंजर झिजला आणि पंपाला वंगण एंजिनाच्याच तेलाचे असेल तरीही तेच. काही एंजिनांत नोझलकडून परत जाणाऱ्या डिझेलची बारीक नळी टॅपेट कव्हरच्या आत असते. तिचा वॉशर दबलेला नसला की गळती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आणि या सर्वांखेरीज एक कारण असे आहे की ज्यात गळका भाग कोणताच नसतो. एंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची खोड आपल्याकडे पुष्कळांना आहे. मग एंजिन कधीच पुरते गरम होत नाही, त्यातच ते तासन्‌तास रिकामे चालू ठेवले जाते, जळण अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल थोडे थोडे खाली मुरत जाते.

परिशेषाची ही चौकशी कशी चालते, हे पाहण्यासारखे असते. वरच्या टाकीतून आपल्या भाराने डिझेल उतरणाऱ्या पंपसेटचा मिस्त्री एक साधी युक्ती करतो. संध्याकाळी पट्टीवर खूण करून टाकीचा कॉक उघडा ठेवतो आणि सकाळी पाहतो. दुसऱ्या रात्री कॉक बंद करून पुन्हा पाहतो. उघड्या कॉकने पातळी चढली आणि बंद कॉकने चढली नाही, तर एंजिन थांबलेले असतानाही गळणारी वाट असली पाहिजे, म्हणजे डायफ्राम किंवा सील. दोन्ही रात्री पातळी जागच्या जागी राहिली आणि चालविल्यावरच चढली, तर संशय दाबाखाली काम करणाऱ्या नोझलकडे व प्लंजरकडे वळतो. कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या अन्वय-व्यतिरेकाची याहून शुद्ध योजना मी शास्त्रीय ग्रंथांतही पाहिलेली नाही. त्यानंतर नोझलच्या नळ्यांची नटे चालू एंजिनावर एकेक सैल करून आवाज बदलतो की नाही हे ऐकले जाते. ज्या सिलिंडराची नळी सैल करूनही आवाज तसाच राहतो, तो मुळातच काम करीत नव्हता. ते नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर चढवितात, दाब ठरलेल्या आकड्याच्या किंचित खाली आणून थांबतात, आणि तोंडाकडे टक लावून पाहतात. तोंड कोरडे राहिले तर ते निर्दोष. थेंब जमला तर त्याचा कबुलीजबाब झाला. टॅपेट कव्हरखालच्या गळतीसाठी डिझेलमध्ये चमकणारा रंग मिसळून जंबूपार दिव्याच्या उजेडात पाहण्याची रीतही आता रूढ आहे.

दुरुस्तीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण निदान झाले की दुरुस्ती बहुधा थोडक्यात असते: नोझल बदलणे, डायफ्राम बदलणे, सील नवी बसविणे, पंप टेस्ट बेंचवर लावून आणणे, वॉशर नवे घालणे, थर्मोस्टॅट परत बसविणे. मग जुने तेल गरम असताना पूर्ण काढून टाकावयाचे, फिल्टर बदलावयाचा, नवे तेल खुणेपर्यंत भरावयाचे.

पण क्रम महत्त्वाचा आहे, आणि धर्मविचाराचा धागा मला येथे सापडतो. हंगामाच्या ऐन भरात चालक येऊन म्हणतो, ‘‘मिस्त्री, तेवढं ऑइल बदलून द्या, उद्या खेप हाय.’’ आणि मिस्त्री म्हणतो, ‘‘बदलतो की दादा. पन डिझेल कुठनं उतरतंय ते बघितल्याबिगर बदललं, तर आठ दिसांत परत याल, आन् तवा क्रँक घेऊन याल.’’ तेल बदलल्याबरोबर पट्टी खुणेवर येते, वास जातो, काटा वर चढतो. रोगाची सर्व लक्षणे नाहीशी होतात आणि रोग जसाच्या तसा राहतो. आपल्या धार्मिक आचाराचा केवढा मोठा भाग या तेल बदलण्यात खर्च होतो! चूक झाली की प्रायश्चित्त, मन अस्वस्थ झाले की व्रत, वर्षभराच्या वागणुकीवर एक तीर्थयात्रा. ही कर्मे निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही, कारण दूषित तेल काढून टाकावेच लागते. परंतु ज्या वाटेने दोष उतरतो ती वाट शोधण्यापूर्वी केलेली शुद्धी आठ दिवस टिकते.

गौतमाचे दुसरे सूत्र याच गोष्टीचे आहे. दुःख, जन्म, प्रवृत्ति, दोष आणि मिथ्याज्ञान अशी एक साखळी तो मांडतो, आणि सांगतो की, पुढचे पुढचे नाहीसे झाले की त्याच्या आधीचे आपोआप नाहीसे होते व शेवटी अपवर्ग, म्हणजे मोक्ष, उरतो. दुःखावर थेट इलाज नाही, कारण दुःख हे कार्य आहे. त्याच्या मागे जावे, त्याच्याही मागे जावे, आणि शेवटच्या कडीला हात घालावा. बेअरिंगच्या मागे पातळ तेल, पातळ तेलाच्या मागे मिसळलेले डिझेल, त्याच्या मागे गळती, तिच्या मागे एक फाटलेला रबराचा पडदा. ज्या बुद्धीने हा पडदा सापडतो, ती संशय, प्रमाण, हेत्वाभास यांचा विवेक करणारी बुद्धी आहे. म्हणूनच सोळा पदार्थांची ती यादी मोक्षशास्त्राच्या आरंभी आली. मोक्ष ही साखळीच्या तुटण्याने घडणारी गोष्ट आहे असे एकदा मानले, तर कोणती कडी कोणत्या कडीला बांधलेली आहे याचे बिनचूक ज्ञान हीच साधना ठरते. तर्काला भक्तीचा वैरी समजणाऱ्यांनी या दुसऱ्या सूत्रापर्यंत वाचायला हवे होते.

राग, द्वेष आणि मोह या तीन दोषांत मोह सर्वांत वाईट, असा निवाडा न्यायसूत्रकार देतो, कारण मोह नसेल तर बाकीचे दोन उत्पन्नच होत नाहीत. वाढत्या तेलाकडे पाहून समाधान पावणारा मालक या मोहाचे उत्तम उदाहरण आहे. उणीव दिसली की आपण सावध होतो. वाढ दिसली की चौकशी तहकूब करतो. गावात मान वाढला, आपल्या बोलण्याला माना डोलू लागल्या, देवळाच्या कामात आपले नाव पुढे येऊ लागले, मनातही एक भरल्यासारखी भावना राहू लागली. ही भर कशाची आहे? ती भक्तीची असेल किंवा अहंकाराचीही असेल, आणि दोन्ही एकाच मनाची लेकरे असल्याने रंगावरून ओळखू येणार नाहीत. अहंकार भक्तीत मिसळतो तो पाण्यासारखा दुधाळ होऊन मिसळत नाही. म्हणून त्याची परीक्षा वेगळ्या चिन्हांनी, भार पडला असता मन किती टिकते अशा चिन्हांनी, करावी लागते. शिवाय अहंकार ही स्वभावतः विषारी वस्तू आहे असेही नाही. डिझेल सिलिंडरात असते तेव्हा त्याच्याच जोरावर दोन ट्रॉल्या ऊस चढ चढतो. कर्म करण्यास लागणारा अभिमान कर्मात जळून गेला तर उपकारक होतो. न जळता तळाशी उतरला तर जेथे घर्षण वाचवायचे तेथलाच पडदा फाडतो.

येथे एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. चार्वाक म्हणेल, नोझल काढून पाहता आले म्हणून तुमचे अनुमान खरे ठरले; ते ठरविले प्रत्यक्षाने. मन कोठे काढून टेस्टरवर लावता? आणि याच अनुमानाच्या शिडीने उदयनाचार्यांसारखा दहाव्या शतकातील प्रकांड नैयायिक न्यायकुसुमांजलीत जगत् हे कार्य, म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे, असे म्हणत ईश्वरापर्यंत चढला, तेथे तर कोणता कॉक बंद करून पाहणार? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. जगाचा कॉक बंद करून पाहण्याची सोय नाही, म्हणजे व्यतिरेक तपासता येत नाही. आणि म्हणून ईश्वरानुमानाविषयी मला नितांत आदर असला तरी ते मी मिस्त्रीच्या अनुमानाच्या पंक्तीला बसवीत नाही. श्रद्धेने ते स्वीकारणाऱ्याने श्रद्धेचे नाव घ्यावे, हे अधिक सरळ.

मनाची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ओळखावे, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. मीमांसक म्हणतो, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःच कळते. नैयायिक म्हणतो, त्या ज्ञानाप्रमाणे वागून पाहावे, प्रवृत्ती सफल झाली तर ते ज्ञान खरे. नवी सील बसविल्यानंतर मिस्त्रीसुद्धा लगेच हात झटकीत नाही. पन्नास तास गाडी चालवून पट्टी पुन्हा दाखवायला सांगतो, आणि पातळी हलली नसेल तेव्हाच त्याची खातरजमा होते. मनाचा कॉक आपल्याला बंद करता येतो. स्तुती जेथे मिळते ते काम काही दिवस सोडून पाहावे, दान नाव न लावता देऊन पाहावे, आणि मग मनातली ती भर ओसरते की टिकते हे पाहावे. हा अन्वय-व्यतिरेक प्रत्येकाच्या हातचा आहे, त्याला गुरूही लागत नाही. आणि त्यातून मिळणारे ज्ञान चार्वाकालाही नाकारता येणार नाही, कारण ते प्रत्येकाला स्वतःपुरते प्रत्यक्ष होते. धर्माचे पहिले अनुमान ईश्वराचे नसून स्वतःच्या दोषाचे असले पाहिजे, असे माझे मत यावरूनच बनले आहे.

ज्यांच्या दारात ट्रॅक्टर किंवा पंपसेट आहे त्यांना एवढीच विनंती: पट्टी सकाळी, एंजिन थंड आणि गाडी सपाटीवर असताना पाहा, पातळी वरच्या खुणेच्या वर दिसली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर त्या दिवशीची खेप चुकली तरी चालेल, पण गळती सापडेपर्यंत ते एंजिन चालू करू नका.